गी नसताना ज्युदोचे थ्रो: बाहीचं आणि कॉलरचं काम आता कोण करणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सात वर्षं ज्युदो केला, ब्राऊन बेल्ट आहे, उचीमाता (समोरच्याच्या दोन्ही पायांमधून पाय वर उडवून फेकणं) आणि इप्पोन सेओई नागे (त्याचा हात धरून खांद्यावरून फेकणं) हे दोन हुकमी डाव. गेले चार महिने नो-गी ग्रॅपलिंगला, म्हणजे गी (ज्युदोचा जाड सदरा) न घालता करायच्या धरपकडीच्या कुस्तीला, जाताय. तिथे घामाने हात सटकतो, सेओईला वळलात की समोरचा पाठीवर चढतो, आणि ज्युदोसारखं ताठ उभं राहिलं की तो सरळ तुमचा पाय उचलतो. शिकवणारे म्हणतात, ज्युदो विसरा आणि रेसलिंग शिका. तर सात वर्षांची मेहनत वाया गेली का, आणि गेली नसेल तर काय ठेवायचं, काय सोडायचं?

वाया अजिबात गेलेली नाही. मी चोवीस वर्षं ज्युदो करतेय, त्यातली शेवटची दहा वर्षं नो-गीचे वर्गही घेतेय. ज्युदोतून आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या काही महिन्यांत याच तीन तक्रारी करतो. तिन्हींचं मूळ एकच आहे आणि ते सापडलं की पुढचा रस्ता बराच सोपा होतो.

पकडायला कापड नाही, ही अडचण सगळ्यांनाच दिसते. म्हणून आपण कापडाच्या जागी दुसरं काहीतरी शोधतो. कॉलरऐवजी मान धरतो, बाहीऐवजी मनगट धरतो, आणि बाकीचा डाव होता तसाच मारतो. तिथेच फसतं. कारण गी म्हणजे नुसती धरायची मूठ नव्हती, ती एकाच वेळी तीन कामं करत होती. तुम्ही हातभर लांब उभे असतानाही तुमचा जोर ती थेट त्याच्या छातीपर्यंत पोहोचवत होती. तुम्ही वळून त्याला पाठ दाखवलीत, तरी बाही तुमच्या मुठीत असल्यामुळे त्याला मागे सरकता येत नव्हतं. आणि तुमच्या हातांच्या लांबीइतकं अंतर ती राखून ठेवत होती, त्यामुळे तुमच्या पायांपर्यंत पोहोचणं त्याला अवघड होतं. आता प्रत्येक थ्रोच्या बाबतीत स्वतःला एवढंच विचारा: जोर पोहोचवायला माझ्याकडे काय आहे, त्याला मागे जाण्यापासून काय अडवतंय, आणि माझे पाय कोण सांभाळतंय? तिन्ही उत्तरं सापडली तर तो थ्रो गीशिवाय चालतो. एखादं सापडलं नाही, तर तो कितीही जोरात मारला तरी अंगाशी येतो.

किती बदलायचं हे मात्र तुमच्यावर आणि नियमांवर अवलंबून आहे. ज्युदोत स्वच्छ थ्रो पडला की इप्पोन, लढत तिथेच संपते. थ्रो फसला आणि तुम्ही पालथे पडलात, तर थोडा वेळ घट्ट राहिलं की पंच ‘माते’ म्हणतात आणि पुन्हा उभं करतात. म्हणजे जोखीम घेण्यात फायदा मोठा आणि तोटा छोटा. नो-गीत हे गणित उलटतं. आयबीजेजेएफ या ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत टेकडाऊनचे (उभ्याने खाली पाडण्याचे) 2 गुण आहेत, आणि तुमची पाठ घेऊन पाय आत अडकवले तर समोरच्याला 4. एका फसलेल्या सेओईची भरपाई करायला दोन यशस्वी थ्रो लागतात, आणि तेही तोवर त्याने गळा आवळला नाही तरच. एडीसीसी या ग्रॅपलिंग स्पर्धेत साध्या टेकडाऊनला 2, पण तुम्ही थेट त्याच्या पायांच्या पलीकडे, बाजूला येऊन स्थिरावलात तर 4 गुण मिळतात. तिथे थ्रो नेमका कुठे संपतो याला फार किंमत आहे. स्पर्धेत उतरायचंच नसेल, तर तुम्हाला जास्त मोकळीक आहे. तुमची उंचीही बघावी लागते. उंच माणसाला ओव्हरहुकवरचे (त्याच्या हातावरून हात गुंडाळायच्या पकडीचे) डाव लवकर जमतात, बुटक्याला अंडरहुक (बगलेखालून हात घालणं) आणि बॉडी लॉक (दोन्ही हातांनी धड कवळणं).

आता पायांचं. तुमच्या सात वर्षांत पाय धरायचे आणि वाचवायचे कसे हे तुम्हाला कुणी शिकवलंच नसणार, आणि त्यात तुमचा दोष नाही. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने 2010 मध्ये पायांवर थेट हल्ला करण्यावर बंदी आणली आणि 2013 मध्ये उभ्याने पाय धरणं पूर्णच बंद केलं. त्यानंतर शिकलेल्या पिढीला सरळ, ताठ उभं राहण्याची सवय लागली, कारण तसं उभं राहिल्याची शिक्षाच कधी मिळाली नाही. पण ज्युदो मुळात असा नाही. मोरोते गारी म्हणजे दुहेरी पटच (दोन्ही पाय धरून पाडणं), काता गुरुमा म्हणजे आपल्या कुस्तीतला कलाजंग (खांद्यांवर आडवं उचलून फेकणं). म्हणून तुमचे शिक्षक जे ‘रेसलिंग’ म्हणून शिकवतायत त्यातलं बरंचसं तुमच्याच घरातलं आहे, तुमच्यापर्यंत ते पोहोचलं नाही एवढंच. ते आवर्जून शिका. गुडघे थोडे वाकलेले, कमर खाली, कोपरं बरगड्यांना चिकटलेली आणि डोकं वर, असं उभं राहायला अंग तयार व्हायला मला स्वतःला सहा महिने लागले. तुम्हालाही लागतील.

सुरुवात पकडीपासूनच करा, थ्रोपासून नको. पहिले दोन महिने मी ज्युदोकडून येणाऱ्यांना थ्रो मारूच देत नाही असं म्हटलं तरी चालेल. जोडीदाराच्या छातीला छाती लावून बगलेखालून हात घालायची चढाओढ, म्हणजे पमेलिंग, ती करायला लावते. एक हात त्याच्या बगलेखालून वर, दुसरा त्याच्या हातावरून खाली, कपाळ त्याच्या कानशिलाला टेकलेलं. हे कपाळ म्हणजे तुमचा तिसरा हात. डोक्याने नीट दाब दिलात तर त्याला खाली वाकून पायांकडे जाता येत नाही, म्हणजे गीचं अंतर राखायचं काम डोक्याने होतं. ज्युदोत आपण डोकं वापरतच नाही, कारण तिथे गरज पडत नाही.

तोल काढण्याची पद्धतही बदलते. कापडाला धरून तुम्ही सावकाश, सलग खेचत राहू शकता. ओल्या कातडीला तसं खेचलं की हात निसटतो. म्हणून नो-गीत बहुतेक वेळा आधी ढकलायचं आणि तो उलटा जोर लावेल त्या क्षणाची वाट बघायची. कॉलर टायमध्ये मनगट त्याच्या मानेमागे, कोपर त्याच्या छातीवर, आणि झटका छोटा द्यायचा. बोटांनी मान चिमटीत धरून ओढत बसाल तर पाच मिनिटांत तुमचेच हात भरून येतील.

आता उचीमाता, कारण तो तुमचा डाव आहे आणि सुदैवाने गीशिवाय सर्वात चांगला टिकणाऱ्या थ्रोंपैकी आहे. फक्त तो मारायची वेळ बदलते. ज्युदोत तुम्ही कॉलर आणि बाही घेऊन तो स्वतः उभा करता. इथे समोरच्याने तुमच्या उजव्या बगलेखालून डावा हात घातला, किंवा उजव्या पायाचा एकेरी पट काढायला आला, की संधी तयार होते. तुमचा उजवा हात त्याच्या डाव्या हातावरून जाऊन त्याला गुंडाळतो. हा ओव्हरहुक त्याच्या कोपराच्या वर, अगदी खांद्याजवळ हवा. तुमची बगल त्याच्या दंडावर बंद झाली पाहिजे आणि तुमचा पंजा वळून तुमच्या छातीकडे यायला हवा. ओव्हरहुक कोपरावर राहिला तर समोरचा हात काढून घेतो आणि सरळ तुमच्या पाठीमागे जातो. तुमची पाठ जातेय म्हणता, तिथे बहुतेक वेळा हे चार-सहा इंचच चुकलेले असतात. डाव्या हाताने त्याच्या उजव्या दंडाच्या मागे, कोपराच्या जरा वर धरा, बाही धरायचा तसंच. मग आधी ओव्हरहुकने त्याचा खांदा खाली दाबा. खांदा खाली गेला की तो आपोआप वर उठायला जोर करतो, आणि तो उठतो त्याच क्षणी वळा. पाय मारल्यावर तो लगेच पडला नाही, तर तुम्हाला येणाऱ्या केन-केनसारखंच एका पायावर उड्या घेत वर्तुळ पूर्ण करा. ओव्हरहुक घट्ट असेल तोवर तो मागे जाऊ शकत नाही. बाहीचं दुसरं काम आता हा ओव्हरहुक करतोय. हराई गोशीही (कमरेवर घेऊन बाहेरून पाय झाडून फेकणं) याच पकडीतून निघते, पण उचीमातात पाय त्याच्या दोन्ही पायांच्या मध्ये असल्याने फसल्यावर सावरणं सोपं जातं.

याच थ्रोबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती माझ्या हातून घडली आहे. नो-गीच्या सुरुवातीच्या काळात मी हाच ओव्हरहुक उचीमाता एका जोडीदाराला मारला. एक हात ओव्हरहुकमध्ये अडकलेला, दुसऱ्या हाताचं मनगट मी सोडलंच नाही. गी असताना आपण पडणाऱ्याची बाही वर ओढून धरतो आणि त्याचं पडणं हलकं करतो. इथे मीही तसंच धरून ठेवलं. पण मनगट वर ओढल्याने पडणं हलकं होत नाही, उलट मॅटवर थाप मारायला त्याचा हातच मोकळा राहत नाही. तो खांद्याच्या टोकावर आदळला आणि सहा आठवडे त्याला सराव करता आला नाही. तेव्हापासून माझ्या वर्गात नियम आहे: ओव्हरहुकवरून फेकताना दुसरा हात थ्रो निघाल्याबरोबर सोडायचा, आणि पडणाऱ्याने मोकळा हात मॅटवर टेकवून कोपर लॉक करायचं नाही. तुम्ही हे पहिल्या दिवसापासून पाळा. पडणाऱ्याच्या बाजूनेही नो-गीच्या उकेमीचा (सुरक्षित पडण्याचा) वेगळा सराव करून घ्या, कारण कुणी बाही धरून तुम्हाला सावरणार नाही.

सेओईची गोष्ट वेगळी. इप्पोन सेओईत तुम्ही एका हाताने त्याचा दंड आपल्या कोपरात घेता आणि दुसऱ्या हाताने त्याची बाही ओढता. बाही गेली की त्याचा हात ओढून धरणारं काहीच उरत नाही. तो तुमच्या खांद्यावरून हात काढतो आणि तुम्ही स्वतःहून त्याला पाठ देऊन बसलेले असता. कुस्तीत याच जातीच्या डावाला धोबीपछाड म्हणतात, आणि त्या नावातच उपाय आहे. धोबी कपडा आपटताना एकाच टोकाला दोन्ही हातांनी धरतो. नो-गीत सेओई मारायची असेल तर त्याचा एकच हात तुमच्या दोन्ही हातांत हवा: एक हात मनगटावर, दुसरा दंडावर, आणि त्याचा हात तुमच्या छातीला चिकटलेला. म्हणजेच टू-ऑन-वन. तिथून गुडघ्यांवर खाली उतरून मारलेली सेओई चालते, पण ती दिवसाला एखादी. माझ्या मते तुमचा दुसरा हुकमी डाव यापुढे सेओई नसावी.

त्याऐवजी पायांचे छोटे डाव पुढे आणा. इथे मला ज्युदोचा खरा फायदा दिसतो, कारण पायाने तोल काढण्याची जी नजाकत ज्युदोत मिळते ती रेसलिंगमधून आलेल्यांकडे सहसा नसते. यात पाठ द्यावी लागत नाही, आणि फसलं तरी तुम्ही छातीला छाती लावूनच उभे असता. अंडरहुक मिळाला की त्या बाजूने चालत जा आणि त्याचं वजन मागच्या पायावर गेलं की ओउची गारी (आतून पाय अडकवून मागे पाडणं). बॉडी लॉक मिळाला तर कोसोतो गाके (बाहेरून त्याच्या पायामागे पाय अडकवणं), यात त्याला मागे ढकलायचं नाही, आधी आपल्याकडे घट्ट आवळून मग तुमची छाती त्याच्या छातीवरून पुढे न्यायची. कॉलर टायमध्ये त्याने पाऊल पुढे टाकलं की देआशी बाराई (पुढे येणारं पाऊल झाडणं) किंवा कोउची (आतून त्याची टाच ओढणं).

माझा सगळ्यात आवडता मात्र सासाए त्सुरिकोमी आशी. नो-गीत हा डाव लोकांना माहीतच नसतो, त्यामुळे तो फार स्वच्छ बसतो. समजा तुमचा डावा हात त्याच्या उजव्या हातावरून आहे आणि उजवा त्याच्या डाव्या बगलेखाली. दोघंही छातीने एकमेकांना रेटताय. तुम्ही अर्धं पाऊल मागे घेता, तो रेटत पुढे येतो आणि त्याचा उजवा पाय टेकण्याच्या बेतात असतो. त्या क्षणी तुमच्या डाव्या तळव्याने त्याच्या घोट्याच्या वर अडवा, आणि दोन्ही हातांनी गाडीचं स्टिअरिंग फिरवल्यासारखं फिरवा: अंडरहुक वर, ओव्हरहुक खाली. ताकद लागत नाही. त्याच्याच रेट्याने तो त्या पायावरून गोल फिरून पडतो, आणि तुम्ही अंडरहुक न सोडता थेट बाजूला, साइड कंट्रोलमध्ये उतरता. तुमच्या उजव्या हाताच्या सवयीत हा डाव दोन आठवड्यांत बसेल.

ओसोतो गारीबद्दल (बाहेरून त्याच्या पायामागे पाय झाडून मागे पाडणं) मी सावध आहे. कॉलरने त्याचं डोकं आणि खांदा मागे रेटता येत होता, इथे कॉलर टायने तेवढा रेटा मिळत नाही आणि अर्धवट ओसोतो म्हणजे तुम्ही एका पायावर उभे. अंडरहुक किंवा ओव्हरहुकने छाती चिकटली असेल तरच मारा.

डोकं आणि हात एकत्र धरून कमरेवरून फेकणं अनेकांना मोहात पाडतं. रोंडा राउझी यांनी 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ज्युदोचं कांस्यपदक मिळवलं आणि पुढे एमएमएमध्ये (मिश्र मार्शल आर्ट्समध्ये) याच पकडीतून एकेकीला आपटलं. ते बघून नवशिके मान धरायला धावतात. पण राउझी यांच्याकडे त्यामागे वर्षानुवर्षांची हराई गोशी आणि मॅटवर ज्युजी गातामे (कोपर उलटं ताणायची पकड) होती. आणि त्यांचीही 2013 मध्ये लिझ कार्मूशविरुद्ध उभ्या उभ्या पाठ गेली, मानेवर जबर दाब आला, त्यातून सुटून मग त्या जिंकल्या. मान धरताना त्याचा हात सोबत घट्ट नसेल, तर त्याचं डोकं निसटतं आणि तुमची पाठ त्याच्या छातीसमोर येते. पहिलं वर्ष हा डाव नको.

दोन डाव तर सरावात पूर्ण बंद ठेवा. कानी बासामी (समोरच्याचे पाय आपल्या पायांच्या कात्रीत धरून पाडणं) हा पहिला. 1980 मध्ये याच डावाने जपानचे ज्युदोपटू यासुहिरो यामाशितांचा पाय मोडला होता, आज ज्युदोत तो निषिद्ध आहे आणि आयबीजेजेएफमध्येही. दुसरा तानी ओतोशी. बॉडी लॉक मिळाला की तो अगदी सोपा वाटतो, पण बाजूने बसताना तुमचं सगळं वजन त्याच्या गुडघ्यावर आडवं येतं. नवशिक्यांकडून होणाऱ्या गुडघ्याच्या दुखापतींत मी हाच डाव सर्वांत जास्त पाहिलाय.

आतापर्यंतचं एकत्र करायचं तर: उचीमाता ओव्हरहुकवरून ठेवा, सासाए, ओउची आणि कोसोतो पुढे आणा, जुने पाय धरायचे डाव शिकून घ्या, सेओई आणि मान धरून फेकणं मागे ठेवा.

थ्रोनंतरच्या दोन सवयी मोडाव्या लागतील. ज्युदोत आपण इप्पोन वाचवायला हवेतच पोटावर वळतो. नो-गीत पोटावर वळणं म्हणजे पाठ हातात देणं, म्हणून पडताना समोरच्याकडे तोंड ठेवून पाय मध्ये आणायचे. आणि फेकणाऱ्याने जोरात फेकून त्याच्यावरून गडगडत पुढे जायचं नाही. गीने खेचत उतरता येत होतं म्हणून ते खपून जायचं. इथे तुम्ही गडगडलात की तो वर येतो. केसा गातामेत (बाजूला बसून मान आणि हात धरून दाबायच्या पकडीत) उतरलात तर त्याचा हात तुमच्या बगलेत आहे ना ते बघा. फक्त मानेवर केसा म्हणजे त्याला तुमच्या पाठीचं आमंत्रण.

सरावाचं म्हणाल तर शंभर-शंभर उचीकोमी (न फेकता थ्रोची सुरुवात पुन्हा पुन्हा करणं) तशाच करत राहू नका. स्थिर उभ्या जोडीदारावर केलेल्या उचीकोमीत पकड आधीच मिळालेली असते, आणि नो-गीत खरं काम तर पकड मिळवण्याचंच आहे. मी तीन मिनिटं पमेलिंग करायला लावते, आणि ओव्हरहुक किंवा अंडरहुक मिळेल तेव्हाच एक उचीकोमी, मग पुन्हा पमेलिंग. त्यानंतर दोन-दोन मिनिटांच्या बांधलेल्या लढती: दोघांनी ओव्हर-अंडर पकडीतून सुरू करायचं, जो पाठीमागे जाईल किंवा फेकेल तो जिंकला, आणि पुन्हा त्याच पकडीवरून. हा सराव मुद्दाम वर्गाच्या शेवटी ठेवा, अंग ओलं झाल्यावर. कोरड्या अंगावर मनगटाची पकड खूप छान वाटते आणि लढतीच्या चौथ्या मिनिटाला ती नसतेच. घामात जी पकड टिकेल तिच्यावरच डाव बांधा.

पुढचे दोन महिने असे घालवा: उभ्या सरावातला निम्मा वेळ पमेलिंग आणि पाय वाचवणं, उरलेल्या वेळात सासाए आणि ओव्हरहुक उचीमाता, दुसरं काही नाही. ज्युदोचा वर्ग आठवड्यातून एकदा तरी चालू ठेवा, कारण पायाची वेळ साधणं तिथेच शिकायला मिळतं. सेओई तोवर बाजूला. ज्या दिवशी घामाघूम जोडीदार हात सोडवायला पूर्ण जोर लावतोय आणि तरी तुम्ही टू-ऑन-वन एक मिनिट टिकवू शकताय, त्या दिवशी ती पुन्हा बाहेर काढा आणि आधी जाड क्रॅश मॅटवर मारून बघा.